बोटीवर पाय ठेवण्याआधी

दिवाळी सरली की पालघर-बोईसर पट्ट्यातून क्रूझबद्दल विचारणा सुरू होते. काही जण पत्र लिहितात, काही उमरोळीच्या फलाटावर लोकलची वाट बघता बघता गाठतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘बोटीवर काय काय मिळतं?’ हा असतो. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न असावा. सहल सुखाची होणार की डोकेदुखीची, हे बरंचसं घरी बसूनच ठरतं: केबिन कुठली घेतली, निघालो कुठल्या महिन्यात, कागद कुठले बरोबर घेतले, दरपत्रकाच्या तळाची बारीक अक्षरं वाचली की नाही. बोट सुटल्यावर यातलं काहीही बदलता येत नाही. म्हणून या वेळी त्या बाजूच्या पत्रांना जास्त जागा दिली आहे. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

शंका : जाहिरातीतला माणशी दर पाहून आम्ही चौघांचा हिशोब केला. एजंटने सांगितलेला आकडा त्याच्या कितीतरी पुढे गेला. ही फसवणूक आहे का? (बोईसर)

समाधान : फसवणूक म्हणणार नाही, पण जाहिरात अर्धीच माहिती देते हे खरं. तिथला दर सर्वांत स्वस्त केबिनचा असतो, आणि त्या केबिनमध्ये दोघं राहणार असं गृहीत धरलेलं असतं. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि बोटीवरच्या कर्मचाऱ्यांसाठीचं सेवाशुल्क चढतं. नाताळ, ३१ डिसेंबर, लागून आलेल्या सुट्ट्या अशा दिवसांत मूळ दरच वेगळा असतो. एजंटला एवढंच विचारा : ‘सगळं धरून, आम्ही बोटीवरून उतरेपर्यंत किती?’ उत्तर लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चालेल. तिकीट रद्द केलं तर कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतात, हेही त्याच वेळी लिहून घ्या. बहुतेक कंपन्यांत निघायची तारीख जवळ येईल तशी परतावा कमी होत जातो आणि शेवटी काहीच मिळत नाही.

चौघं एकाच केबिनमध्ये राहिलात तर तिसऱ्या-चौथ्याचा दर उतरतो, पण त्यांना भिंतीतून खाली येणाऱ्या बर्थवर झोपावं लागतं. मुलं लहान असतील तर ती खूष होतील. मुलं कॉलेजात असतील तर मात्र दोन साध्या केबिन शेजारी शेजारी घ्या. एकाच न्हाणीघरासमोर सकाळी चौघांची रांग लागते तेव्हा वाचवलेल्या पैशांचं समाधान उरत नाही.

जेवण, नाश्ता, नाटक-गाण्याचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे सगळं तिकिटात येतं. दारू, बहुतेक शीतपेयं, खास उपाहारगृहं, स्पा, कसिनो, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली तिकिटात येत नाहीत. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. केबिनचं कार्डच सगळीकडे दाखवायचं असतं आणि शेवटच्या रात्री बिल येतं. रोज रात्री स्वागतकक्षात जाऊन आपलं खातं बघा, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घ्या. आणि दोन-तीन रात्रींच्या सहलीला पेयांचं पॅकेज घेऊ नका. त्याची किंमत वसूल करायच्या नादात माणसं गरजेपेक्षा जास्त पितात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

शंका : मला मनोरच्या एस.टी.त बसलं तरी मळमळतं. यजमानांना गोव्याच्या क्रूझची हौस आहे. बोट लागली तर मी काय करू? (सफाळे)

समाधान : ताई, गाडी लागते त्याला बोट लागतेच असं नाही. मोठी बोट एस.टी.सारखे गचके देत नाही, ती संथ डोलते. तरी तुमची काळजी खोटी नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आपला किनारा सहसा शांत असतो. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की याच समुद्राचं रूप पालटतं. सातपाटीचे कोळीबांधव १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात नौका किनाऱ्याला ओढून ठेवतात. ती बंदी माशांच्या विणीसाठी आहे, पण जुन्या लोकांना त्या दिवसांचा समुद्र चांगला ठाऊक आहे. मुंबईहून निघणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ही पावसाळ्यात पश्चिम किनारा सोडून चेन्नईकडे गेलेली आहे. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात. मे २०२१ मधलं तौक्ते आपल्या सगळ्यांना आठवत असेल. त्या वादळात ‘पी-३०५’ हा तराफा मुंबईजवळच्या समुद्रात बुडाला आणि त्यावरचे कितीतरी कामगार गेले. तुमच्यासारख्यांनी डिसेंबर-जानेवारीच धरावा.

त्यानंतर केबिन. बोटीची लांबी डोळ्यांसमोर आणा. पुढचं आणि मागचं टोक सर्वांत जास्त वरखाली होतं, आणि मजला जितका वरचा तितकं कुशीवरचं डोलणं जास्त. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला जे सोसावं लागतं ते मधल्या बाकावरच्याला लागत नाही, तसंच हे. म्हणून मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन मागा. एजंट तुम्हाला वरच्या मजल्यावरची बाल्कनी विकू पाहील, कारण ती महाग असते. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही कुशींना बाहेर येणारी पाती असतात. कुशीवरचं डोलणं ती बरंच कमी करतात, पण लाट समोरून आली की होणारं वरखाली त्यांना थोपवता येत नाही. म्हणून मध्यावरची जागा महत्त्वाची.

औषधाबद्दल : अ‍ॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती चालेलच असं नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. आलेपाकाच्या वड्या जरूर घ्या, बऱ्याच जणांना गुण येतो. बोटीवर उपाशी राहू नका. रिकाम्या पोटी जास्त लागतं. थोडा सुका भात, बिस्किटं, हिरवं सफरचंद असं काहीतरी पोटात असू द्या. चलबिचल वाटू लागली की केबिनमध्ये पडून मोबाइल बघायचा नाही. उघड्या डेकवर मध्यभागी उभं राहून लांब क्षितिजाकडे बघायचं. डोळे आणि कान दोघांना एकच हालचाल कळली की मळमळ ओसरू लागते.

शंका : माझं बालपण रेवसजवळच्या गावात गेलं. ‘रामदास’ बोटीची गोष्ट ऐकत मोठा झालो. आता सून-मुलगा क्रूझला चला म्हणतात. पाय उचलत नाही. (पालघर, वय ७६)

समाधान : काका, तुमची भीती मी हलक्यात घेणार नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडाच्या किनाऱ्यावरची कित्येक घरं त्या एका सकाळी उजाड झाली.

पण त्या बोटीचं काय चुकलं ते पाहिलं तर आजच्या बोटीवर काय बघायचं हे कळतं. ऐन पावसाळा होता, वारा वादळी होता. बोट लहान, सुमारे १८० फूट, आणि माणसांनी भरलेली. लाटेचा तडाखा बसल्यावर घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि तो भार तिला सावरता आला नाही. मुंबईत ती बातमी पोचायला कित्येक तास लागले. आज ‘एम्प्रेस’ जवळजवळ ७०० फूट लांब आहे, पावसाळ्यात ती या किनाऱ्यावर धावत नाही, प्रवाशांची मोजणी कार्डावर होते, आणि संकटाचा संदेश उपग्रहावरून तत्काळ जातो. आजही पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद ठेवल्या जातात, हा धडा आपण महागात शिकलो आहोत.

तरीही बोट मोठी आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर गेली. प्रचंड, आधुनिक बोट, तरी ३२ माणसं दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा-कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला : आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत व्हायलाच हवी.

म्हणून काका, माझं तुम्हाला एकच मागणं. बोटीवर चढलात की बुफेकडे जाण्याआधी केबिनच्या दारामागचा नकाशा वाचा. त्यावर तुमच्या जमण्याच्या जागेचा क्रमांक असतो. मुलाला बरोबर घेऊन त्या जागेपर्यंत जिन्याने चालत जा, लिफ्टने नको. आगीच्या वेळी लिफ्ट बंद असतात. वाटेत कितवा जिना, डावीकडे की उजवीकडे, हे तोंडाने म्हणत जा. लाइफ जॅकेट कपाटात आहे की जमण्याच्या जागी मिळणार, ते कर्मचाऱ्याला विचारा, आणि एकदा अंगावर चढवून पट्टा कंबरेवर घट्ट ओढून बघा. सात छोटे भोंगे आणि आठवा लांब, हा धोक्याचा इशारा. कवायत सुरू असताना पुष्कळ लोक सेल्फी काढत असतात. तुम्ही पुढच्या रांगेत उभे राहा. ‘रामदास’ची आठवण ज्याच्या मनात आहे, तो ही कवायत इतरांपेक्षा नीट करेल अशी माझी खात्री आहे.

शंका : उमरोळीहून बॅलार्ड पियरला सामानासकट वेळेत कसं पोचायचं? खासगी गाडी करावी का? (उमरोळी)

समाधान : आपल्या गावाचं पत्र, म्हणून उत्तर अगदी मनापासून. गाडी करू नका. मनोरमार्गे महामार्गाला लागलात तरी वर्सोवा पूल आणि घोडबंदरच्या कोंडीत किती वेळ जाईल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि बोट कुणासाठी थांबत नाही. आपल्याकडे २०१३ पासून डहाणू लोकल आहे. ती थेट चर्चगेटला नेते. सकाळची गर्दीची वेळ टाळून एखादी गाडी आधी पकडा. विरारला डबा गच्च भरतो, तेव्हा बॅगा दारात ठेवू नका, आत सीटखाली किंवा रॅकवर सरकवा. दोन मोठ्या बॅगांपेक्षा चार लहान बॅगा बऱ्या. प्रत्येकाला आपापली उचलता येते.

चर्चगेटहून टॅक्सीने बॅलार्ड इस्टेट अगदी जवळ आहे. बोटीवर चढायला प्रत्येकाला वेळ नेमून दिलेली असते. त्या वेळेच्या तासभर आधी तिथे असावं. निघायचा दिवस रविवार असेल तर आदल्या दिवशी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक आहे का ते बघा, आणि असेल तर मुंबईतल्या नातेवाइकांकडे शनिवारीच मुक्कामाला जा. परदेशात बोट धरायची असेल तर मात्र एक दिवस आधी पोचण्याला पर्यायच नाही. विमान उशिरा आलं म्हणून बोट चुकलेली कुटुंबं मी बंदरावर रडताना पाहिली आहेत.

धक्क्यावर मोठ्या बॅगा हमाल घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. मधल्या चार-पाच तासांसाठी हातातल्या पिशवीत औषधं, आधार कार्ड, पासपोर्ट असेल तर पासपोर्ट, चष्मा, एक बदलायचा कपडा आणि मुलांचे पोहण्याचे कपडे ठेवा. मधुमेह असणाऱ्यांनी इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये. उतरतानाही हेच. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे त्यांत भरून रात्रीच्या कपड्यांवर उतरण्याची वेळ काही जणांवर येते.

शंका : विचारायला संकोच वाटतो, पण बोटीवरच्या शौचालयात पाण्याची सोय असते का? नळाचं पाणी प्यावं का? (शिरगाव)

समाधान : संकोच कसला, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. परदेशी बोटींवर बहुधा फक्त कागद असतो, जेट नसतो. घरचा लहान प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, प्रश्न मिटला. कमोड हवेच्या दाबाने मोठा आवाज करून ओढून घेतो, त्यात कागदाखेरीज काहीही टाकू नका. एकाने अडवला तर आजूबाजूच्या केबिनही बंद पडतात. नळाचं पाणी समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून बोटीवरच शुद्ध करतात. ते पिण्याजोगं असतं. बाटल्या विकत घेऊ नका, घरची बाटली भरून घ्या.

केबिनच्या भिंती पोलादी असतात. चार लोहचुंबकी आकडे नेलेत तर ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या टांगायला जागाच जागा होते. परदेशी बोटीवर आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही, अ‍ॅडॅप्टर न्या. इस्त्री, किटली, पाणी तापवायची कांडी, मेणबत्ती, उदबत्ती यांपैकी काहीही चालत नाही. तपासणीत ते काढून घेतात आणि ते योग्यच आहे. बोटीवर आगीइतकं मोठं संकट दुसरं नाही. देवापुढे निरांजनाऐवजी हात जोडा.

शंका : सासूबाई एकादशी, चतुर्थी धरतात. घरचे लाडू-चकली, उपवासाचे पदार्थ न्यावे का? (केळवे)

समाधान : मुंबईहून निघणाऱ्या बोटीवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. परदेशी बोटीवर बुकिंग करतानाच ‘भारतीय शाकाहारी’ लिहून द्या आणि पहिल्या रात्री मुख्य भोजनकक्षातल्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटा. पुढचे सगळे दिवस तो लक्ष ठेवतो, दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी आदल्या रात्री विचारतोही. साबुदाणा मात्र तिथे मिळणार नाही. फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा सहज मिळेल. शिजवलेलं घरचं अन्न बोटीवर नेऊ देत नाहीत. कारखान्यात पाकीटबंद केलेला राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की सहसा चालते. परदेशी बंदरावर उतरताना मात्र पर्समध्ये फळ किंवा बियासुद्धा ठेवू नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये दंड होतो.

पहिल्या दुपारी सगळे वरच्या मजल्यावरच्या बुफेकडे धावतात. बऱ्याच बोटींवर त्याच वेळी खालचा भोजनकक्ष उघडा आणि निवांत असतो. तिथे जा. आणि जेवणाआधी हात साबणाने, वीस सेकंद. दारातलं सॅनिटायझर पुरेसं नाही. बोटीवर पसरणारा जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा जुमानत नाही, साबण-पाण्याने मात्र धुऊन जातो.

शंका : लक्षद्वीपची क्रूझ की सरकारी बोट? (पालघर)

समाधान : तुम्हाला बेट बघायचं आहे की बोट, यावर अवलंबून आहे. क्रूझ तुम्हाला एखाद्या बेटापाशी काही तास देते, बाकी वेळ तुम्ही बोटीवर. बेटांभोवतीचं पाणी प्रवाळामुळे उथळ असतं, त्यामुळे मोठी बोट बाहेर नांगर टाकते आणि लहान नावांतून प्रवासी किनाऱ्यावर जातात. समुद्र चढलेला असेल तर नावा सोडतच नाहीत, आणि बेट लांबूनच बघून परत यावं लागतं. कप्तानाचा तो निर्णय अंतिम असतो, त्याच्याशी हुज्जत घालू नये.

लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ संस्थेची ‘समुद्रम्’ ही सहल कोचीहून ‘एम. व्ही. कवरत्ती’ बोटीने निघते. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बघायचे, दिवस बेटावर, रात्री बोटीवर. सजावट साधी, जेवण साधं, पण बेटं खरी बघायला मिळतात. हातपाय धड असतील तर माझं मत तिच्या बाजूने आहे. दोन्हीकडे प्रवेश परवाना लागतो. सहल नेणारे तो काढून देतात, पण कागदपत्रं त्यांना लवकर द्यावी लागतात. बंगाराम सोडून बाकी बेटांवर दारूबंदी आहे. आणि प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलू नका. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि तो तुकडा घडायला वर्षानुवर्षं लागलेली असतात.

शंका : मुलगा सिंगापूरला आहे. तिथून पेनांग-फुकेतची क्रूझ करायची म्हणतो. आम्हाला पासपोर्टशिवाय आणखी काय लागेल? (बोईसर, तारापूर रोड)

समाधान : सिंगापूरचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा घ्या. बोट सुटली की तुम्ही कागदोपत्री देशाबाहेर जाता आणि परतताना पुन्हा प्रवेश करता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर कंपनी बोटीवर चढूच देत नाही. प्रत्येक प्रवेशाआधीच्या तीन दिवसांत सिंगापूर अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा, ते मोफत आहे. पैसे मागणाऱ्या साइटपासून दूर राहा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपासून निदान सहा महिने हवी. वाटेतल्या प्रत्येक देशाचे व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघा, ते दर वर्षी बदलतात. युरोपच्या क्रूझमध्ये तुर्कस्तान किंवा दुसरा शेंगेनबाहेरचा देश मध्ये येत असेल तर शेंगेन व्हिसाही अनेक वेळा प्रवेशाचाच लागतो. भारतातून पॅकेज घेतलंत तर टीसीएस हा कर आकारला जाईल. तो विवरणपत्रात वळता होतो, पावती जपा.

मोबाइल बोट सुटताच एअरप्लेन मोडवर. नाहीतर तो बोटीचं उपग्रहाचं जाळं पकडतो आणि घरी आल्यावर येणारं बिल पाहून झोप उडते. अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर टीप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर लावतात. ती काढून टाका म्हणून भांडणारे असतात. मी तसं कधी करत नाही. तुमची केबिन रोज आवरणारा, महिनोन्‌महिने घरापासून लांब राहणारा तो मुलगा पुष्कळदा गोव्याचा किंवा कोकणातला निघतो. मराठीत दोन शब्द बोला, त्याचा चेहरा उजळेल.

परदेशी बंदरावर स्वतःच्या टॅक्सीने फिरायला गेलात तर परत बोटीवर यायची वेळ बोटीच्या घड्याळाने मोजा, मोबाइलच्या नाही. बोटीनेच नेलेली सहल उशिरा आली तर बोट थांबते. तुम्ही एकटे उशिरा आलात तर धक्क्यावर उभे राहून ती जाताना बघावी लागते.

शंका : गोव्याला बोट लागल्यावर मिळणाऱ्या वेळात काय बघावं? (माहीम, पालघर)

समाधान : बोट मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोला लागते. कळंगुटचा हट्ट सोडा, अर्धा वेळ टॅक्सीतच जाईल. बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. किंवा जुनं गोवं आणि मंगेशी-म्हार्दोळ, बस. गाडीचे पैसे बसण्याआधी ठरवा. येताना की जाताना किनारा दिसतो म्हणून विचारलंत : मुंबईहून दक्षिणेला जाताना जमीन डाव्या हाताला, सूर्यास्त उजव्या हाताला. पण बोट किनाऱ्यापासून लांबून आणि बहुधा रात्री जाते, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

शंका : आमच्या वाढवणला एवढं मोठं बंदर होणार. मग क्रूझ इथूनच सुटेल ना? (डहाणू)

समाधान : त्या आशेवर बसू नका. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये ज्याचं भूमिपूजन झालं ते मुख्यतः कंटेनरचं बंदर आहे : नऊ कंटेनर टर्मिनल, प्रत्येक हजार मीटर लांब, खर्च ७६ हजार कोटींच्या घरात. क्रूझसाठी मुंबईच पुरेशी आहे. बॅलार्ड पियरला नवं क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं. वाढवणबद्दल माझं मन मात्र वेगळ्याच गोष्टीने भरून येतं. तिथल्या पाण्यावर ज्यांचं पोट आहे, त्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे. समुद्राची सहल करणाऱ्या माझ्यासारखीने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. आपल्याला समुद्र वर्षातून चार दिवस हवा असतो, त्यांना रोज.

शंका : आईचे दोन्ही गुडघे बदलले आहेत. ती व्हीलचेअरवर फिरते. तिला नेता येईल का? (बोईसर)

समाधान : नक्की न्या. घराबाहेर पडायला न मिळालेल्या माणसाला बोटीसारखी सोय क्वचितच मिळते. लिफ्टने सगळ्या मजल्यांवर जाता येतं, जेवण-कार्यक्रम हाकेच्या अंतरावर, रोज बॅग भरायची कटकट नाही. मात्र काही गोष्टी बुकिंगच्या दिवशीच करा. साध्या केबिनचं दार अरुंद असतं आणि न्हाणीघराला उंबरा असतो, त्यातून व्हीलचेअर जात नाही. म्हणून दिव्यांगांसाठीची केबिन मागा. त्या थोड्याच असतात आणि सर्वांत आधी संपतात. केबिन लिफ्टजवळ घ्या, पण लिफ्टला लागून नको. रात्रभर आवाज येतो. वर पोहण्याचा तलाव किंवा स्वयंपाकघर असलेलीही नको, पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर होतो. केबिनच्या क्रमांकावरून मजल्याचा नकाशा बघता येतो, एजंटला तो पाठवायला सांगा आणि वरच्या-खालच्या मजल्यावर काय आहे ते तपासा.

जिथे बोट धक्क्याला लागते तीच बंदरं असलेली सहल निवडा. लहान नावेत हलत्या पाण्यावर उतरणं आईला झेपणार नाही आणि बहुतेक वेळा कर्मचारी तशी परवानगीही देत नाहीत. म्हणजे लक्षद्वीप नको, गोवा किंवा कोची चालेल. धक्क्यावर व्हीलचेअर हवी हे कंपनीला लेखी कळवा, आणि स्वतःची खुर्ची असेल तर तिची घडी केल्यावरची रुंदी मोजून त्याच ईमेलमध्ये लिहा. शस्त्रक्रियेत बसवलेल्या धातूमुळे तपासणीच्या दारात घंटा वाजेल, तेव्हा डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी मोठी आणि रुग्णाला किनाऱ्यावर हलवायची वेळ आली तर खर्च त्याहून मोठा. गुडघ्यांची शस्त्रक्रिया, रक्तदाब, साखर, सगळं खरं लिहून प्रवास विमा काढा. लपवलेल्या आजारावर दावा मंजूर होत नाही.